शेजारचा कागद

बंदूक बाळगून इतका निरुपद्रवी राहिलेला माणूस आख्ख्या कल्याण तालुक्यात दुसरा झाला नसेल. माझ्या नणंदेचे सासरे, ज्यांना दोन्ही घरची माणसं अण्णा म्हणत, तीस वर्षं रायफल चालवत होते आणि तीस वर्षांत त्यांच्या हातून कागदाखेरीज काहीही जखमी झालं नाही. त्यांची रायफल पॉइंट टू-टूची, एका वेळी एकच गोळी घेणारी. गोळी वेलदोड्याहून जरा लांब. आवाज ओली फांदी मोडल्यासारखा, आणि खांद्याला धक्का म्हणाल तर मांडीवरचं मूल झोपेत हललं तर लागतो तेवढा. मोठ्या बंदुका बाळगणारे लोक तिला खेळणं म्हणत. अण्णांना त्याचं काही वाटत नसे. "मोठ्या बंदुकीत माणूस आवाजावर खूश होतो," ते म्हणत. "हिच्यात आवाज नाही, त्यामुळे आपण चुकलो ते ऐकू येतं."

आमची त्यांची ओळख झाली तीच मुळी कागदावरून. अठ्ठेचाळीस साली माझ्या नणंदेला बघायला ही मंडळी अंबरनाथला आमच्या घरी आली. पोहे झाले, मुलीचं शिक्षण विचारून झालं, आणि गाणं म्हणायला सांगतात की काय म्हणून नणंद घाम पुसत बसली होती. तेवढ्यात अण्णांनी खिशातून घडी केलेला कागद काढून तिच्यापुढे धरला. मधोमध काळं वर्तुळ, त्यात एक भोक. "मुली, किती भोकं दिसतात?" नणंदेने नीट बघून सांगितलं, "एकच. पण कडेला जरा फाटलंय." अण्णा उठूनच उभे राहिले. "पाच गोळ्या आहेत त्यात! पाच! फाटलंय ते तिसरीने. आजवर फाटलेलं कुणाला दिसलं नव्हतं." पुढची बोलणी बाकीच्यांनी केली, पण लग्न ठरलं ते त्या क्षणी. लग्नाच्या आल्बममध्ये पहिल्या पानावर वधूवरांचा फोटो आहे आणि दुसऱ्या पानावर तो कागद.

त्यांचा रविवार शनिवारी संध्याकाळीच सुरू होई. त्या वेळेपासून त्या घरात भांडण बंद. कुणाला सासूबद्दल, मीठ जास्त झाल्याबद्दल किंवा फॅक्टरीतल्या साहेबाबद्दल काही बोलायचं असेल तर ते शनिवारी चारपर्यंत बोलून घ्यायचं, नाहीतर रविवारी दुपारनंतर. कारण रागाने नाडी उडते आणि उडालेली नाडी दुसऱ्या दिवशी नळीच्या टोकाला दिसते. सकाळी चहा नाही, नुसते दूध-पोहे. मग डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या रायफल क्लबाच्या मैदानापर्यंत पायी, तेही लग्नातल्या नवरीच्या चालीने. वाटेत कुणी नमस्कार केला तर उत्तर नाही. येताना मात्र ज्याचा नमस्कार राहिला असेल त्याच्या दारात जाऊन तो परत करत, आणि त्यात जेवणाची वेळ टळून जाई. नणंद म्हणायची, "वहिनी, आमच्याकडे रविवारी भात दोनदा लावते मी. एक वेळेवर, एक अण्णांचा."

प्राण्यावर नेम धरायचा नाही, हे त्यांनी तत्त्व म्हणून ठरवलं होतं असं मला वाटत नाही. त्यांना प्राण्यांत रसच नव्हता. एकदा मी त्यांच्याकडे गेले असताना मांजर्लीहून एक शेतकरी घाईघाईने आला. नदीकाठच्या भातात रानडुकरं शिरली होती.

"अण्णा, पार वाटोळं केलंय. या की बंदूक घेऊन."

"डुक्कर एका जागी उभं राहतं का?" अण्णांनी विचारलं.

"नाय."

"त्याच्या अंगावर वर्तुळं असतात?"

"नाय ओ, डुक्कर ते!"

"मग मारलं तरी किती मार्क धरायचे?"

तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला पत्र्याचे डबे वाजवायचा सल्ला देऊन परत पाठवला.

मी अंबरनाथला शिवणाचा वर्ग चालवत असे, म्हणून अण्णा एकदा माझ्याकडे कोट शिवून घ्यायला आले. जमिनीवर पालथं पडून कोपरांवर भार देऊन नेम धरायचा तर कोपरं सोलवटतात. त्यासाठी कोपराला जाड ठिगळं लावलेला कोट हवा होता. म्हणजे नवीन कोटालाच ठिगळं. कापडासाठी आम्ही उल्हासनगर कॅम्पात गेलो. तिथे एका सिंधी दुकानदाराकडे लष्कराचं उरलेलं कॅनव्हास मिळे. "साईं, मिलिटरी का माल है," तो म्हणाला, "तोप फट जाएगी, ये नहीं फटेगा." अण्णांनी तिथेच दुकानाच्या फरशीवर पालथं पडून कोपरं घासून पाहिली. गिऱ्हाइकं बाजूला झाली. दुकानदाराने हात जोडून विचारलं, "माई, इनको कोई तकलीफ है?" मी सांगितलं, "नहीं, शौक है." तो म्हणाला, "वही तो."

कोट बेतताना अण्णा माझ्या हातांकडे बघत होते. मी सुईत दोरा ओवला, तेव्हा म्हणाले, "वहिनी, दोरा ओवताना तुम्ही श्वास धरलात. हे शिकवायला मला लोकांना सहा महिने लागतात." पुढच्या रविवारी मी मैदानावर होते, नऊवारीचा काष्टा घट्ट मारून, क्लबाची रायफल घेऊन सतरंजीवर पालथी. लोक काय म्हणतील याचा मी विचार केला नाही, कारण लोक आधीच पुष्कळ म्हणत असत. खरं सांगायचं तर मला ते फार आवडलं. आठवडाभर घर, वर्ग, पाहुणे, सगळे एकदम काहीतरी मागत असतात. तिथे एका वेळी एकच गोळी, आणि ती जाईपर्यंत दुसरं काही करता येत नाही. शंभरात माझे मार्क सत्तरच्या पुढेमागे असत. शहात्तरच्या वर मी कधी गेले नाही. अण्णा नव्वदच्या खाली कधी आले नाहीत.

चोपन्न-पंचावन्न सालच्या सुमाराला अण्णा दाराच्या चौकटीला धडकायला लागले. ताटाच्या डावीकडे वाढलेली चटणी त्यांना दिसेना, आणि सायकलवाला अगदी अंगावर येईपर्यंत कळेना. सुईचं नेढं मात्र दिसे. मुंबईच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. समोरचं स्वच्छ दिसतं, पण आजूबाजूचं विझत जातं, नळीतून बघितल्यासारखं. अण्णा यावर खूशच झाले. "तीस वर्षं नळीतूनच बघतोय," म्हणाले.

त्यांचा मुलगा, म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान, फॅक्टरीत फोरमन. जबाबदार माणूस, आणि खोटं कशाला बोला, त्यांचंच बरोबर होतं. "अण्णा, घरात लहान मुलं आहेत. आता रायफल विकून टाकू," ते म्हणाले. दोन दिवस अण्णा जेवले नाहीत. शेवटी मला मध्ये बसवून करार झाला. डिसेंबरात क्लबाची स्पर्धा असते. दहा गोळ्या, शंभर मार्क. अण्णांना ऐंशी मिळाले तर रायफल राहील, एक जरी कमी पडला तरी मुंबईच्या दुकानात जाईल. अण्णा हसले. "ऐंशी? ऐंशी मी शिंकतानासुद्धा मारीन."

स्पर्धेच्या सकाळी पंचवीस यार्डांवर लाकडी चौकटींवर कागद लावलेले, वर नंबरच्या पाट्या. माझा चौथा, अण्णांचा शेजारी पाचवा. पंच म्हणून एक निवृत्त सुभेदार, मिशीचा मोठा आणि बोलण्याचा आखडू. मागे दोरीपलीकडे नणंद आणि तिचे यजमान उभे. शिटी वाजली. मी नेहमीप्रमाणे आधी पदर, मग कोपर, मग चष्मा करत होते. अण्णांच्या रायफलीचा आवाज आला आणि माझा कागद थरथरला.

मला वाटलं, वारा. मी अजून गोळीही भरली नव्हती. दुसरा आवाज आला, माझा कागद पुन्हा थरथरला. मी पाचव्याकडे पाहिलं. तो कोरा, न वापरलेल्या ताटासारखा. मग लक्षात आलं. अण्णांना कागद दिसत होता, उत्तम दिसत होता. वरची नंबराची पाटी आणि शेजारचे कागद दिसत नव्हते. नळीत जो पहिला काळा गोळा आला तो त्यांनी आपला मानला. तिसरी गोळी गेली.

नियम असा की आडवं पडल्यावर बोलायचं नाही, आणि दुसऱ्याच्या कागदावर गेलेली गोळी म्हणजे शून्य. ओरडून सांगितलं असतं तरी तीन गोळ्या गेल्याच होत्या. उरलेल्या सातांत जास्तीत जास्त सत्तर. म्हणजे रायफल गेली. मी फार विचार करणारी बाई नाही. हाताशी जे आहे त्यातून काय बेतता येतं एवढं बघते. माझ्या हाताशी दहा गोळ्या होत्या आणि अण्णांचा कागद कोरा होता. मी कोपरं जराशी सरकवली आणि पाचव्यावर नेम धरला.

तेव्हा कुठे ध्यानात आलं की ऐंशी हवेत आणि माझी धाव शहात्तरपर्यंत. आयुष्यात मी बाळंतपणं केली, स्वतःची आणि दुसऱ्यांची, पण इतका वेळ श्वास कधी धरला नव्हता. प्रत्येक गोळीला सुईचं नेढं आठवत होतं. सहावी काळ्याबाहेर गेली हे मला आवाजावरूनच कळलं. उरलेल्या चार मी इतक्या सावकाश मारल्या की सुभेदार दोनदा घड्याळ बघून गेले.

निकाल वाचला. चौथा नंबर, वहिनी, सत्त्याण्णव, पहिला क्रमांक. पाचवा नंबर, अण्णा, एक्क्याऐंशी.

नणंदेने मला मिठी मारली. तिचे यजमान पुढे आले आणि वडिलांना म्हणाले, "राहिली तुमची रायफल. मी शब्द पाळतो." त्यांचाही चेहरा सैलावला होता, ते मी पाहिलं. पहिल्या नंबराच्या कपचं काय करायचं तो विचार मी नंतर करणार होते.

अण्णांनी आपला कागद मागून घेतला. नाकाशी धरून एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत सरकवत वाचला. मग माझा मागितला. तोही वाचला.

"वहिनी, तुमची गोळी नेहमी खाली डावीकडे ओढते. शिवणयंत्राच्या चाकाची सवय."

"असेल," मी म्हटलं.

"ही सगळी भोकं खाली डावीकडे आहेत."

"आज तुमचीही ओढली असतील."

"माझी ओढत नाहीत." त्यांनी दोन्ही कागदांची अदलाबदल करून ते सुभेदारांच्या टेबलावर ठेवले. "साहेब, मी शेजारच्या कागदावर मारलंय. माझं शून्य लिहा."

सुभेदार म्हणाले, "आणि या बाईंनी?"

"त्यांनी माझ्यावर मारलं. त्यांचंही शून्य." मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, "पण एक्क्याऐंशी! अहो, एक्क्याऐंशी! दोन वर्षं सांगतोय की घाई करू नका. एवढं अडल्याशिवाय ऐकायचं नाही का?"

नणंदेचे यजमान म्हणाले, "अण्णा, राहू द्या. तुमच्या गोळ्या तर सत्त्याण्णवच्या आहेत. नेम शाबूत आहे."

"नेम आहे," अण्णा म्हणाले. "पण शेजारचा कागद दिसला नाही. उद्या शेजारून कुणी आलं तर तेही दिसणार नाही. अशा माणसाने बंदूक ठेवू नये. तू बरोबर म्हणत होतास." आणि रायफल मुलाच्या हातात दिली. तिला इतक्या वर्षांत दुसऱ्या कुणी हात लावलेला मी पाहिला नव्हता. फोरमन माणूस, रोज केवढी यंत्रं हाताळणारा, पण ती कशी धरायची ते त्यांना कळेना.

ती मुंबईला गेली नाही. महिनाभराने मीच परवान्याचा अर्ज घेऊन कचेरीत गेले. कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं.

"बाई, शिकार करता?"

"नाही."

"घरात चोरी झाली?"

"नाही."

"कुणाशी वैर?"

"आहे, पण तिला बंदूक लागत नाही."

"मग कारण काय लिहू?"

"कागदाला भोक पाडणे," मी म्हटलं. त्याने तसंच लिहिलं. परवाना यायला मात्र वर्ष लागलं.

त्यानंतर रविवारी सकाळी आम्ही दोघं मैदानावर जात असू. रायफल माझ्या नावावर, माझ्या कपाटात, आणि मैदानावर एकच कागद. नियम अण्णांनीच घालून दिला होता. ते पालथे पडले की मी शेजारी बसून त्यांच्या पाठीवर हात ठेवायचा आणि चारी बाजूंना बघायचं. हात पाठीवर आहे तोवर मैदान मोकळं. गुराखी, शेळी, लाकडं आणायला निघालेली बाई, काहीही दिसलं की मी हात उचलायचा आणि त्यांनी बोट चापावरून काढायचं. एकदाही त्यांनी उशीर केला नाही. नळी वर्षागणिक बारीक होत गेली. शेवटी शेवटी त्यांना मधलं, दहा मार्कांचं वर्तुळ तेवढं दिसे, नऊचं दिसत नसे. "बरंच आहे," म्हणायचे, "नऊकडे लक्षच जात नाही."

गोळी सुटायच्या आधी ते अर्धा श्वास सोडून थांबत. माझ्या तळहाताखाली पाठ वरखाली व्हायची थांबे, आणि मग तो फांदी मोडल्यासारखा आवाज. त्यांच्या अखेरच्या हिवाळ्यात एका रविवारी पाठ थांबली, आणि आवाज काही आला नाही. मी वाट पाहिली. पाठ पुन्हा हलली, पुन्हा थांबली, तरी काही नाही.

"अण्णा, काय झालं? दिसत नाही का?"

"दिसतंय," ते म्हणाले. "छान दिसतंय. जरा बघू द्या."

मी चारी बाजूंना पाहिलं. मैदान मोकळं होतं. मी हात काढला नाही.