अक्काच्या पाठीवरचा डाग

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पाळकसाहेबांना नाही. प्रार्थनेतसुद्धा मी या गोष्टीला वळसा घालते — देवाला ठाऊकच आहे, मग बोलायचं कशाला?

आई गेल्यावर मला थोरल्या बहिणीनं, मार्थाअक्कानं वाढवलं. माझ्यापायी तिनं लग्न केलं नाही. माझं लग्न मात्र चिटगुप्पा गावी ठरलं, आणि त्याच उन्हाळ्यात एकदा न्हाताना तिनं हाक मारली, “पाठीवर काय आलंय, बघ गं.”

फिकट डाग होता. नुकत्याच एक डॉक्टरबाई आमच्या चर्चमध्ये येऊन महारोगाची लक्षणं सांगून गेल्या होत्या — फिकट डाग, आणि त्यावर चिमटा काढला तरी कळत नाही. मी डागावर चिमटा काढला — चांगला जोरात. अक्का साबण शोधत राहिली.

“काई न्हाई, घामोळं हाय,” मी म्हणाले.

का? ठरलेलं लग्न मोडेल म्हणून. तेवढ्यासाठीच. लवकर औषध घेतलं तर बरं होतं, हेही बाईंनी सांगितलं होतं. लग्न होऊ दे, मग बोलू — झालं लग्न. मग सासूची भीती.

तुम्ही म्हणाल, वय लहान, नीट कळलं नसेल. कळलं होतं हो! चर्चमधल्या प्रभुभोजनाला आम्ही सगळे द्राक्षरसाच्या एकाच प्याल्याला तोंड लावायचो. त्या दिवसानंतर मी वेदीपाशी धावत जाऊन अक्काच्या आधी गुडघे टेकू लागले — तिचे ओठ लागायच्या आत प्याला माझ्याकडे यावा म्हणून. ती हसायची. “लईच ओढ लागली गं तुला देवाची!”

प्रीती करायची तर आपलं माणूस आपल्याला दुखवू शकतं, बुडवूही शकतं, हे पत्करावं लागतं. ख्रिस्तानं पत्करलं. अक्कानं पत्करलं. मी हातचं राखून माया केली — तिला माया तरी म्हणावं का?

पुढं तिची बोटं वाकत गेली. एकदा चुलीतलं जळतं लाकूड तिनं हातात धरलं, आणि कातडी करपल्याचा वास आला तेव्हा तिला कळलं. मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, पहिला डाग कधी दिसला होता?

“पाठीवरचं मला काय दिसतंय, साहेब? हिला दिसला असता तर हिनं सांगितलं नसतं व्हय? लेकरू हाय माझं.”

मी तिथंच उभी होते, तिच्या खांद्यावर हात ठेवून. गप्प राहिले. ती देवाघरी जाईपर्यंत गप्पच राहिले.