अर्धं मिनिट आधी

गल्लीत सगळे त्यांना 'कप्तान' म्हणत. खरं तर नौदलात ते साधे खलाशी. नऊ वर्षं एकाच जहाजावर काढली आणि काम एकच, पुढचा रॅम्प, म्हणजे उतरण होऊन उघडणारं दार, खाली-वर करायचा. ते जहाज थेट वाळूवर नाक टेकवून रणगाडे आणि माणसं उतरवणारं होतं.

ते आता मोडीत निघणार होतं. त्याआधी आठवडाभर लोकांना बघायला खुलं केलं, तशी लेक मागेच लागली. "बाबा, पुरात माणसं काढलीत ते दार मला बघायचंय." कप्तानांनी गुडघ्याचं निमित्त काढून पाहिलं, पण लेकीपुढे काही चाललं नाही.

जहाजावर एक तरुण नौसैनिक मुलगी माहिती सांगत होती. तळ सपाट का, मागे टाकलेल्या नांगराच्या साखळीवर जहाज वाळूतून स्वतःला कसं मागे ओढून घेतं, सगळं तिला तोंडपाठ. शेवटी ती म्हणाली, "त्या पुरात याच दारातून चारशे बारा लोक आत घेतले. किनाऱ्यावर एकही माणूस मागे राहिला नाही."

लेकीने कौतुकाने बापाकडे पाहिलं. कप्तानांची नजर रॅम्पच्या दांड्यावर खिळली होती.

"राहिले होते," ते म्हणाले. "तिघं."

कप्तानांना आता थांबता येईना. "ओहोटी लागली होती. जहाज रुतलं असतं तर सगळेच अडकलो असतो. रॅम्प उचलायचा होताच, पण हुकूम यायचा होता. ते तिघं कमरेएवढ्या पाण्यातून येत होते. बाईच्या डोक्यावर गाठोडं होतं. माझी गाळण उडाली आणि मी दांडा ओढला. हुकूम आला तो त्यानंतर अर्ध्या मिनिटाने. तेवढ्यात ते पोचले असते."

"कोणी विचारलं नाही?" लेकीने विचारलं.

"त्या धांदलीत कोणाच्या लक्षात येणार? उलट शाबासकी मिळाली. आणि मी ती घेतली."

"त्यांचं पुढे काय झालं?"

"माहीत नाही. चौकशी करायची छाती झाली नाही."

मुलगी हळूच म्हणाली, "काका, मला जे पाठ करून दिलंय तेच मी सांगते. हे आमच्या साहेबांना सांगाल?"

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत, समजूतही घातली नाही. कागद पुढे सरकवून म्हणाले, "लिहून द्या. जहाजाच्या इतिहासात लावू." कप्तानांनी पाऊण पान लिहिलं. त्यांनी सही केली तेव्हा लेकीने कागद धरून ठेवला.

बसथांब्यावर लेक म्हणाली, "आईला ठाऊक होतं?"

"नाही."

बस आली. तिने नेहमीसारखा कोपराला धरून बापाला वर चढवलं, खिडकीशी बसवलं. शेजारची जागा मोकळी होती, पण ती जाऊन पुढच्या बाकावर बसली. कप्तानांनी तिला हाक मारली नाही.