बाबांचं पोट, आईचं ताट

न्यूमोनियामुळे बाबांना पेणला, रामवाडीजवळच्या हॉस्पिटलात व्हेंटिलेटरवर ठेवलं होतं. आई रोह्याला घरी. गुडघ्यांमुळे तिला येता येत नव्हतं. फोनवर तिचा एकच प्रश्न, "ते जेवले काय?" लग्न झाल्यापासून ती बाबांच्या आधी जेवलेली नाही. आता त्यांना नाकातल्या नळीतून दुधासारखं पातळ अन्न जायचं. ते दिल्याचा माझा फोन आला, की मगच ती ताट वाढून घ्यायची.

एका सकाळी सिस्टरनी सिरिंजने नळीतून ओढून पाहिलं, तर आधी दिलेलं जवळजवळ सगळं पोटातच होतं. डॉक्टरांनी पुढचं थांबवलं. आई शुगरच्या गोळ्या घेते, उपाशी राहिली तर चक्कर येऊन पडेल, म्हणून मी सांगितलं, "जेवले." रात्रीही तेच सांगितलं.

ते खोटं मला पेलवेना. ते खरं करून टाकावं, म्हणून दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांच्या मागे लागलो, थोडं तरी द्या. कंपनीत टाकीची पातळी उतरल्याशिवाय मी वरचा व्हॉल्व्ह उघडत नाही. दुसऱ्या कुणी उघडला तर झापतो. इथे मात्र अक्कल गेली. डॉक्टरांनी अगदी थोडं देऊन पाहिलं आणि बाबांना उलटी झाली. छातीत काही गेलं नव्हतं. माझ्या हट्टाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, पण तो माझ्या मनातून जात नाही.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "एवढ्या आजारात पोटही मंदावतं. उपाशी नाही ठेवणार. पोट हलायचं औषध सुरू करू आणि मशीनने अगदी हळू सोडू. घेतील ते."

त्यांच्या बोलण्याने मला धीर आला. बाहेर येऊन आईला सगळं सांगितलं, दोन्ही वेळचं खोटंसुद्धा.

"मेल्या, ते उपाशी नि मला जेवाय लावलंस?"

"चुकलो गो आई. पोट घेत नाय त्यांचं. आता हळूहळू देणार हायत, दिवसभर."

"मग बरोबर हाय! ते कवा भराभरा जेवलेत? मिठागरावर सगळे हात धुवून कामाला लागायचे, ह्यांची निम्मी भाकरी तशीच. लग्नात पंगत उठली तरी नवरदेव पानावर! घाई तुलाच. डॉक्टरला सांग, बसू दे त्यांना जेवत."

"आणि तू?"

"मी पेज घेते. वाटी घेऊन बसते, ते घेतील तशी घोट घोट."

दुसऱ्या दिवशी नळीतून फारसं काही परत आलं नाही. मशीनचा वेग जरासा वाढवला. मी आधी डोळ्यांनी पाहिलं, मग फोन लावला.

"आई, आज थोडं वाढवलंय."

"खरं?"

"खरं."

"थांब मग," ती म्हणाली, "भाकरीला तवा ठेवते."