काय लपवायचंय आपल्याला?

नवरा फौजेतून निवृत्त झाला, त्या आठवड्यात त्यानं गाडीच्या काचेवरचा छावणीचा स्टिकर ब्लेडनं खरवडून काढला. नियमच आहे तसा. इतकी वर्षं तो स्टिकर बघून नाक्यावरचे पोलिस मला हातानंच पुढे जा म्हणत आले होते. कुठे एखाद्या टॅक्सीवाल्याची डिकी उघडलेली दिसायची, कुठे कुणी मोटरसायकलवाला खिसे उलटे करून उभा असायचा. मी काच वर करून निघून जायचे आणि मनात म्हणायचे, केलं असेल काहीतरी. हे आधीच सांगून टाकते. मी काही धुतल्या तांदळासारखी नाही.

मुलीचा मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा क्लास शहरात सेक्टर चौतीसमध्ये आहे, म्हणून आम्ही परत साताऱ्याला न जाता शहराला लागूनच झिरकपूरला फ्लॅट घेऊन राहिलो. दुपारी तिला क्लासला मीच सोडते. त्या बुधवारी शहराच्या हद्दीजवळ नाका लागला होता आणि एका पोलिसानं गाडीपुढे काठी आडवी धरली. ही काठी माझ्यासाठी आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही, मी मागच्या गाडीकडे बघितलं.

लायसन्स, आरसी, इन्शुरन्स सगळं दाखवलं. ते मागायचा त्याला हक्क आहे. मग डिकी उघडायला लावली. डिकीत दोन छत्र्या आणि साताऱ्याहून आलेली ज्वारीच्या पिठाची पिशवी. त्यानं पिठात बोट घातलं, हुंगलं आणि बोट माझ्याच गाडीला पुसलं. काय शोधताय हे मी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.

मुलगी पुढच्या सीटवर फोन धरून बसली होती. अठरा वर्षांची आहे, फोन हातातच असतो. तो तिच्या खिडकीशी आला.

“वीडियो बना रहे हो, बेटा जी? लॉक खोलो. दिखाओ.”

ती माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, “मम्मी, ये फोन नहीं देख सकते. पूछो ना, किस बात पे?”

तिला मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत येतं. मी तिला मराठीत म्हणाले, “दे गं. गप दे. काय लपवायचंय आपल्याला?”

हे वाक्य माझं. तो पोलिस असलं काही बोलला नव्हता.

तिनं लॉक उघडलं. व्हिडिओ नव्हताच. तेवढ्यावर फोन परत द्यायचा, तर तो तिचे फोटो बघत बसला, मग मेसेज वाचायला लागला. भर उन्हात, गाडीला टेकून, अंगठ्यानं सावकाश एकेक सरकवत. तळपायाची आग मस्तकात गेली होती माझ्या. तोंडातून निघालं काय, तर “सर जी, क्लास को देर हो रही है.” माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान असेल तो, आणि मी त्याला सर जी म्हणत होते.

मग तिनं मैत्रिणीला पाठवलेला एक मेसेज त्यानं मोठ्यानं वाचला. शेजारी त्याचे दोन सहकारी उभे होते, त्यांनीही ऐकला. “डॉक्टर ने दवाई बढ़ा दी है. नींद आ जाती है, पर सुबह उठने का मन ही नहीं करता. मम्मी को संडे को बताऊँगी, पक्का.”

वाचून झाल्यावर वाकून मला म्हणाला, “मैडम जी, बच्ची का ध्यान रखा करो.”

माझी लेक कधीपासून कोण जाणे मनाच्या डॉक्टरकडे जात होती, गोळ्या घेत होती, आणि हे मला एका अनोळखी माणसानं रस्त्यावर वाचून दाखवलं. वर उपदेशही केला. तो उपदेश अजून खुपतो मला. त्याच्या आवाजात काळजी होती म्हणून जास्तच.

क्लासपाशी गाडी थांबवली. ती उतरली आणि दार हळूच लावून गेली. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं मला.

संध्याकाळी नवरा म्हणाला, “अगं, फौजी फॅमिली आहोत म्हणून सांगायचंस की. सोडलं असतं त्यानं.” मला त्याचाही संताप आला. म्हणजे जो फौजी नाही, त्याच्या मुलीचं वाचलं तर चालतं का? विचारलं तसं त्याला. विचारता विचारता माझ्या डोळ्यांपुढे तो डिकी उघडून उभा असलेला टॅक्सीवाला आला.

मी तक्रार लिहायला बसले. वार, वेळ, ठिकाण भराभर लिहिलं. मग लिहायचं होतं, त्यानं नेमकं काय वाचलं. म्हणजे तिचा तो मेसेज मी परत कागदावर उतरवणार, तो कुठल्यातरी टेबलावर जाणार, चार जण चहा पिता पिता वाचणार. मी कागद फाडला. आपल्यावरच्या अन्यायाचा पुरावा द्यायला तोच अन्याय पुन्हा करून घ्यावा लागतो, याची मला इतकी चीड आली की पिठाची ती पिशवीसुद्धा मी कचऱ्यात टाकली.

रविवार आला. मी सकाळपासून मुद्दाम कुठे गेले नाही. तिच्या आवडीचे कांदेपोहे केले आणि बाल्कनीत तिच्याजवळ बसले. तिनं फोन उलटा करून तिच्या बाजूला ठेवला होता. मी वाट बघितली. पोहे संपवून ती पाणी प्यायली, खाली रस्त्यावरच्या गाड्या बघत राहिली.

शेवटी मीच म्हणाले, “तुला आज काही सांगायचं होतं ना मला?”

ती म्हणाली, “अब क्या बताऊँ, मम्मी. उसने बता तो दिया.”