उलट्या आट्याची जीप

ती हकिकत आठवली की अजून मिशीत हसू येतं. लातूर नुकताच नवा जिल्हा झाला होता. अधिकारी होते, शिक्के होते, खुर्च्या मात्र मागून आणाव्या लागत. मी तिथे फौजदार होतो. त्यात दुष्काळ असा, की ठाण्यात रोज पाण्याच्या भांडणाच्याच तक्रारी.

अशात नांदेडकडून बिनतारी संदेश आला. लोह्याजवळच्या एका बौद्ध वस्तीतून चित्रकला शिक्षकांची जीप चोरीला गेली होती. लष्कराच्या लिलावातली ही मोडकी गाडी मास्तरांनी स्वतः खोलून, जोडून चालती केलेली. हा त्यांचा छंद. लोक त्याला खूळ म्हणत. पण विहिरी आटल्या तेव्हा त्याच जीपमागे टाकी जोडून मास्तर वस्तीला पाणी पुरवू लागले, आणि हसणारे गप्प झाले. जीप गेली आणि वस्तीचं पाणीच तुटलं.

चाकूरचा एक चहावाला माझा खबऱ्या. तो येऊन म्हणाला, "साहेब, आमच्या गावच्या एका ठेकेदारानं मिल्ट्रीची जीप रंगवून आणली हाय. रंग अजून हाताला लागून राहिलाय."

आम्ही जीप ठाण्यात आणली. चेसिस नंबर घासून काढलेला. ठेकेदाराकडेही कुठल्याशा लिलावाचा कागद होता, आणि जीभ तर तेल घातल्यासारखी चालत होती.

"गाडी माझीच हाय साहेब. ह्याच हातानं नट न् नट खोललाय म्या."

मालकी ठरली नाही, तर गाडी मुद्देमाल म्हणून आवारात पडणार. मुद्देमालाच्या गाड्यांचं काय होतं हे मी जाणून होतो. निकाल लागेपर्यंत त्यांच्यात कोंबड्या अंडी घालतात. तोवर वस्तीने काय प्यायचं?

मास्तरांना बोलावून घेतलं. ते आल्या आल्या ठेकेदाराच्या नावाने गाऱ्हाणं गाऊ लागले. मी म्हणालो, "मास्तर, रडगाणं नको. ही तुमची हे कशावरून?"

ते म्हणाले, "पुढच्या डाव्या चाकाच्या हबात तेल धरायचं सील मिळंना. म्हणून म्या आमच्या जुन्या मोटेचं कातडं कापून बसवलंय, दुहेरी, मेणदोऱ्यानं शिवून. लिहून घ्या. पण चाक ठेकेदारालाच खोलू द्या. माझं तेवढंच ऐका."

मी दोन पंच बोलावले, मास्तरांचं म्हणणं लिहून त्यावर सह्या घेतल्या आणि ठेकेदाराच्या हातात पाना दिला. त्याने बाह्या सारल्या, पाना लावला आणि जोर केला. नट हलेना. त्याने पान्यावर पाय दिला. शेवटी तो पान्यावर उभाच राहिला. कडाड आवाज झाला, नट ज्यावर बसतो तो स्टडच तुटला आणि ठेकेदार धुळीत बसला.

"उलटं फिरवून राहिलाय त्यो!" मास्तर ओरडले. "ह्या जीपच्या डाव्या चाकांचे आटे उलटे असतात. ज्यानं एकदा तरी चाक काढलंय त्याला इचारा. माझा स्टड मोडला की हो साहेब!"

चोर समोर धुळीत बसला होता आणि या गृहस्थाला स्टडची पडली होती! मला तिथेच अर्धा निकाल मिळाला. उरलेले नट मास्तरांनी उलट्या बाजूने भराभर सोडवले. चाक उतरवून हबही खोललं. आत तेलात मुरलेलं काळंभोर कातडं, दुहेरी, मेणदोऱ्याने शिवलेलं. पंच एकमेकांकडे पाहून हसले.

ठेकेदाराचा आवाज पार बसला. "चुकलं साहेब. टंचाईच्या पाण्याचं कंत्राट धरायचं होतं, गाडी न्हवती. माणूस धाडून उचलली." त्या माणसालाही आम्ही संध्याकाळच्या आत आणून बसवलं.

कोर्टाच्या हुकमाने जीप सुपुर्दनाम्यावर, म्हणजे बोलावलं की हजर करायच्या हमीवर, मास्तरांच्या ताब्यात दिली. जाताना त्यांना म्हणालो, "रिकामी टाकी घेऊन जाऊ नका." ठाण्याच्या बोअरला जे काही येत होतं त्यातून टाकी भरून दिली. वरिष्ठ रागावले. रागावू देत!

त्या केसनंतर चौकशीची माझी रीत बदलली. "तुला काय माहीत आहे?" असं विचारलं की माणूस पढवलेलं बोलतो. "करून दाखव" म्हटलं की हात खरं सांगून जातात. पुढे कित्येक नवशिक्या शिपायांना मी हे सांगितलं.

जीप परत दिली त्या दिवशी बंदोबस्ताला म्हणून तिच्यामागे मीही वस्तीपर्यंत गेलो होतो. वळणावर हॉर्न वाजला आणि घराघरातून हंडे, कळश्या, पातेली घेऊन बाया धावत सुटल्या. पुढे खात्याने मला पदक दिलं, भाषणंही झाली. पण भांड्यांच्या त्या गलक्याएवढी शाबासकी मला नोकरीत पुन्हा मिळाली नाही.