खिडकीतला हिरवा मासा

आमच्या गल्लीत दिवसा कुणी पडदे ओढत नाही. खिडकीत दोन सारख्या कुंड्या, नाहीतर दोन सारखे दिवे, एक डावीकडे एक उजवीकडे, आणि मधून घर आरपार दिसतं. मुद्दाम कुणी डोकावत नाही. पण घरात काही बिघडलं की आधी खिडकीतच कळतं. म्हाताऱ्या ओक्कोचं तसंच झालं. एक दिवस त्याच्या खिडकीत कुंडीच्या जागी बूट आला. आम्ही हसलो. त्याच आठवड्यात तो पायजम्यावर कालव्याकाठी सापडला, पोटच्या लेकीलाही ओळखेना. त्याला वृद्धाश्रमात नेलं, ते कायमचंच.

म्हणून समोरच्या हिल्केच्या खिडकीतल्या दोन पांढऱ्या फुलदाण्या गायब झाल्या आणि तिथं एकच हिरवा, तोंड वासलेला, चिनी मातीचा मासा दिसला, तेव्हा मला ओक्कोचा बूटच आठवला. बरं, तोही मधोमध नाही, एका कडेला!

हिल्के म्हणजे गरीब गाय. नवरा बेरेंट थंडीच्या सुरुवातीला वारला. घरातला चमचासुद्धा त्यानं निवडलेला, आणि जे रंगवता येतं ते सगळं तपकिरी. एकदा तिनं निळा टॉवेल आणला, तर मेल्यानं भर पावसात परत करायला पाठवलं. ओरडायचा असा की रस्त्यापलीकडे माझ्या हातातला कप हलायचा.

मी तिच्या मुलीला, मार्लूसला, फोन केला. ती दुसऱ्याच सकाळी गाडी हाणत आली आणि आधी माझ्याच दारात उभी राहिली. "काकू, तुम्ही पण चला. मला एकटीला भीती वाटते."

आम्हा दोघींना एकदम दारात बघून हिल्के पांढरीफटक पडली. तिलाही ओक्को आठवला असणार.

"आई, आज वार कोणता?" मार्लूसनं कोटही न काढता विचारलं.

"गुरुवार. कचऱ्याची गाडी आत्ताच गेली. मार्लूस, मला कुठं नेऊ नकोस गं."

"मग हे काय मांडलंयस? फुलदाण्या कुठायत?"

"जुन्या सामानाच्या दुकानात देऊन आले. तिथंच हा दिसला. दुधाचा जग आहे तो."

"पण कशाला?"

"आवडला."

"तुला? तुला कधी काही आवडलंय का, आई?"

हिल्के अगदी हळू म्हणाली, "दुकानात घाम फुटला मला. हात लावला की वाटायचं, आता मागून ओरडणार. खाली ठेवला, दारापर्यंत गेले, परत फिरले."

"अगं, कोण ओरडणार? तो गेला ना!" मी म्हटलं. माझं तोंड काही गप्प बसत नाही.

ती उत्तर न देता उठली. कॉफी केली, खिडकीतला मासा आणला, धुऊन त्यात दूध भरलं आणि माझ्या कपावर वाकवला. माशाच्या ओठाचा टवका उडालेला. अर्धं दूध कपात आणि अर्धं टेबलावर मेजपोशासारख्या अंथरलेल्या गालिच्यावर, बेरेंटच्या त्या तपकिरी लोकरी गालिच्यावर.

मायलेकी एकदम दचकल्या. हिल्केनं मान खांद्यात घातली. मार्लूस फडक्यावर झेपावली. आणि दोघींनी एकाच वेळी कोपऱ्यातल्या बेरेंटच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. खोटं कशाला बोलू, मीही पाहिलं.

कुणी ओरडलं नाही. दूध गालिच्यात मुरत गेलं.

मार्लूस चाळिशीची बाई, दोन शाळकरी पोरांची आई. तरी फडकं धरून त्या खुर्चीकडेच बघत राहिली. हातातलं फडकं तिनं तसंच बाजूला ठेवलं आणि आपला कप पुढे सरकवला.

"मलाही ओत, आई," ती म्हणाली. "त्याच्यातूनच."