आरशामागचा साक्षीदार : साखरा ते डोंगरकडा

या दिवाळीत माझी धाकटी बहीण कौसाबाई गुडघेदुखीमुळे माहेरी येऊ शकली नाही. बहीण येऊ शकली नाही तर भावाने पातळ-चोळी घेऊन तिच्या दारी जावे, अशी आमच्या घरची रीत आहे. त्यामुळे तुरी फुलोऱ्यावर असताना मी आणि सौ. गयाबाई आमच्या साखरा गावाहून तिच्या डोंगरकड्यास स्वतःच्या चारचाकीने निघालो. गाडी मी चालवीत होतो. हे मुद्दाम लिहितो, कारण या प्रवासात खरा प्रश्न तोच होता.

दोन महिन्यांपूर्वी सेनगावच्या बसस्थानकासमोर एक मोटारसायकल माझ्या गाडीस घासली. मोटारसायकलवाला म्हणाला चूक माझी, मी म्हणालो त्याची. आमचे चिरंजीव बालाजी त्या वेळी माझ्यासोबत होते. त्यांनी मला एका शब्दाने न विचारता त्या गृहस्थास हात जोडले आणि माझ्या वतीने क्षमा मागितली. घरी आल्यावर म्हणाले, "बाबा, आता पुन्हा एखादी तक्रार आली, तर गाडीची चावी माझ्यापाशी राहील."

माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे. तथापि दोन शेतांमधील बांध कोठून जातो यावर गावात वाद झाला, की चाळीस वर्षे मला बोलावले जाते, आणि मी जेथे काठी टेकवितो तेथे दगड रोवला जातो. अशा माणसाचे म्हणणे पोटच्या मुलाने ऐकूनही घेऊ नये, हे मला लागले. मी ठरविले की साक्षीदार विकत घ्यावयाचा. गाडीच्या पुढील काचेस लावण्याचा, समोरचा रस्ता सतत टिपणारा कॅमेरा मिळतो. त्यास डॅशकॅम म्हणतात. मात्र तो कोणास दिसता कामा नये, अशी माझी अट होती. काचेवर कॅमेरा लटकलेला पाहून गाव म्हणाले असते की आता यांच्या शब्दास यंत्राचा टेकू लागतो.

पहिला दिवस. सकाळी आठ वाजता निघालो. साखऱ्याहून सेनगावपर्यंतचा रस्ता काही ठिकाणी उखडलेला आहे. घाई करू नये. सेनगावच्या पुढे रस्ता चांगला लागतो. दोन्ही बाजूंस कापसाची वेचणी चालली होती आणि वेचणाऱ्या बायांचे बोलणे काच खाली केली की आत येत होते, असे सौ. म्हणाल्या. हिंगोलीत दहाच्या सुमारास पोहोचलो. बसस्थानकाजवळील हॉटेलात पोहे आणि चहा घेतला. पोह्यांवर तर्री मागितल्याशिवाय मिळत नाही, तेव्हा मागावी.

तेथून कॅमेऱ्यासाठी गाड्यांच्या सजावटीच्या दुकानात गेलो. मालक साठीचे, बोलके गृहस्थ होते. त्यांनी तीन कॅमेरे काचेवर मांडले.

"काका, ये देखो. यास मोठा पडदा हाय. चालवता चालवता बघा."

"चालविताना मी रस्ता पाहतो," मी म्हणालो.

तो कॅमेरा बाजूस गेला. दुसरा कॅमेरा आतील आरशावरच पट्ट्याने बसणारा होता. आरशाची काचच पडदा होते. वस्तू देखणी होती, किंमत नऊ हजार. परंतु प्रत्येक बसणारा माणूस प्रथम त्याकडेच पाहील, म्हणून नाकारला. तिसरा अंगठ्याएवढा, काळा, पडदा नसलेला. आरशाच्या मागे चिकटविला की बाहेरूनही दिसत नाही आणि आतूनही. किंमत चार हजार दोनशे, बसविण्याची मजुरी त्यातच.

"काका, लपवून काहून ठेवून राहिले? लोकं तर दाखवायलाच घेतात. कॅमेरा दिसला की समोरचा गुमान निघून जातो."

"मला साक्षीदार हवा आहे, पहारेकरी नको."

सौ. इतका वेळ सीट-कव्हरे पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "साक्षीदार लागून राहिला व्हय तुमाला? मंग मी चाळीस वर्सं बाजूला बसून काय करून राहिले?"

दुकानदार हसले. मी पुढील चौकशी केली.

ज्यांना असा कॅमेरा घ्यावयाचा आहे त्यांच्यासाठी त्या चौकशीचे सार येथे देतो. आपल्याकडील उन्हाळ्यात बंद गाडीची काच तव्यासारखी तापते. ज्या कॅमेऱ्यात बॅटरी असते तो फुगतो. बॅटरीच्या जागी कपॅसिटर असलेला मागावा. मेमरी कार्ड भरले की कॅमेरा जुने चित्रण पुसून नवे करतो, म्हणून कार्ड निदान चौसष्ट जीबीचे असावे. किती अंशांपर्यंत दिसते हे विचारावे; माझ्या कॅमेऱ्यास दीडशे अंश दिसते, म्हणजे समोर आणि दोन्ही कडांचे थोडे. मागील काचेचाही कॅमेरा मिळतो. मी घेतला नाही. मागून धडकणाऱ्याची चूक सिद्ध करावी लागत नाही. तार छताच्या कापडाखालून नेऊन दारावरील रबरात दाबून घ्यावी, नाहीतर कॅमेरा लपतो आणि तार लोंबते.

शेवटी दुकानदारांनी विचारले, "आवाज चालू ठेवू का बंद? गाडीतलं बोलणं बी भरतं यात."

"बंद ठिवा," सौ. म्हणाल्या. "आमी जावांचं काही बोलतो, काही लेकाचं."

"चालू ठेवा," मी म्हणालो. "वादात कोण काय बोलले यासही महत्त्व असते."

आवाज चालू राहिला. कॅमेऱ्यावर एक हिरवा दिवा आहे. तो तेवत असला की काम चालू आहे असे समजावे, असे दुकानदारांनी सांगितले. "पण काका, चित्र एकदा फोनमध्ये बघत जा," असेही ते म्हणाले. माझा फोन साधा, बटणांचा आहे. दिवा दिसतो, तेवढे पुरे, असे मी मनाशी ठरविले.

दुपारचे ऊन उतरल्यावर औंढा नागनाथास गेलो. हिंगोलीहून जेमतेम पाऊण तास लागतो. वाहन ठेवण्यास जागा पुष्कळ आहे. वार सोमवार नसेल तर दर्शनही वीस मिनिटांत होते. गाभारा खाली आहे आणि उतरण्याची वाट अरुंद. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी सोबतीचा हात धरावा. मंदिराच्या भिंतींवरील हत्ती मी दर वेळी मोजतो आणि दर वेळी निराळी संख्या येते.

दर्शन झाल्यावर सौ. फुलवालीकडून हार घेऊन गाडीपाशी आल्या. नवी वस्तू घेतली की तिला हळदकुंकू लावल्यावाचून वापरावयाची नाही, हा त्यांचा नियम. आमच्या घरी पाण्याची मोटार, पंखा, शिलाई यंत्र, कोणीही त्यातून सुटलेले नाही.

"कुठं हाय ते तुमचं?" त्यांनी आरशाभोवती पाहत विचारले. "दिसून न्हाई राहिलं."

"दिसू नये म्हणूनच घेतले आहे. आरशामागे बोट घाल. हां, तेथेच."

त्यांनी बोट घालून मी सांगितलेल्या ठिकाणी हळद लावली, वर कुंकू लावले आणि नमस्कार केला. हिरवा दिवा तेवत होता. रात्री भक्तनिवासात उतरलो. खोली स्वच्छ, गरम पाणी सकाळी सहा ते आठ. जवळच्या खानावळीत ज्वारीची भाकरी, पिठले आणि ठेचा. माणशी शंभर रुपये.

दुसरा दिवस. औंढ्याहून हिंगोलीस परत येऊन नांदेडचा रस्ता धरला. हा रस्ता रुंद आणि गुळगुळीत आहे, गाडी आपण होऊन धावते. कळमनुरीत पेढे घेतले. पुढे बाळापूर ओलांडल्यावर केळीचे मळे दिसू लागतात आणि हवेतील रखरख एकाएकी कमी होते. मी सौ.स केळीच्या घडास गोणपाट का बांधतात हे समजावून सांगत होतो.

तेवढ्यात डाव्या बाजूस काहीतरी खडखडले. मी गाडी थांबविली. एक दूधवाला मोटारसायकलसह रस्त्याच्या कडेस आडवा झाला होता. त्यास लागले नव्हते. तो उठून पँट झटकीत होता. परंतु एक कॅन उपडा झाला होता आणि दूध मुरमावर पसरले होते. माझा डावा आरसा मुडपला होता.

"काका, दाबलं की मला," दूधवाला म्हणाला. तिशीतील, शांत आवाजाचा माणूस होता. "दोन डाव हॉर्न दिला. तरी तुमी डाव्या अंगालाच येऊन राहिले."

"हॉर्न वाजला नाही," मी म्हणालो. "वाजला असता तर मी ऐकला असता. मी माझ्या रेषेत होतो."

आसपासच्या मळ्यांतून चार-पाच माणसे आली. एकाने माझ्याकडे पाहून म्हटले, "म्हातारं माणूस हाय, जाऊ द्या." हे मला त्या दुधापेक्षा अधिक झोंबले.

"जाऊ देऊ नका," मी म्हणालो. "माझ्यापाशी पुरावा आहे."

आरशामागून कॅमेऱ्यातील कार्ड काढले. जे लपविण्यासाठी एवढी खटपट केली होती, ते मी पाच परक्या माणसांसमोर तळहातावर धरले. दूधवाल्याच्या फोनमध्ये ते कार्ड बसले. सर्वजण वाकले.

पडदा लाल होता. वरच्या बाजूस थोडा पिवळा, खाली लाल, आणि एका कोपऱ्यातून आभाळाची चिमूटभर पट्टी.

"हे काय हाय काका, गुलाल खेळून आले का?" एक जण म्हणाला.

"औंढ्याचं कुंकू हाय ते," सौ. खाली मान घालून म्हणाल्या. "यांनीच सांगितलं, हितं लाव म्हणून."

मोठा हशा झाला. दूधवालाही हसला. परंतु फोन चालूच होता आणि त्यातून आवाज येत होता, स्वच्छ. प्रथम माझा : "घडावर ऊन पडले की सालीवर डाग येतो, म्हणून गोणपाट." मग सौ.चा : "आवं, डाव्या हाताला गाडी हाय." माझा : "आणि वाऱ्याने पान घासू नये म्हणूनही." मग एक हॉर्न. "आवं, गाडी हाय डाव्या हाताला." माझा आवाज पुढे जातच होता. दुसरा हॉर्न, जवळचा, लांब. "आवं, ऐकून राहिले का?" आणि खडखडाट.

हशा थांबला. मी ते पुन्हा लावण्यास सांगितले. पुन्हा तेच. माझ्या गाडीचा हॉर्न त्यात कोठेही नव्हता.

बांधाच्या वादात दोन्ही बाजू ऐकल्यावर मी एकदा खाली पाहतो आणि मग काठी टेकवितो. त्या दिवशी टेकविण्यास काही नव्हते. मी दूधवाल्यास हात जोडले आणि म्हणालो, "चूक माझी आहे. मला ऐकू आले नाही."

"ऱ्हाऊ द्या काका, तुमी हात जोडू नका," तो म्हणाला. "लागलं न्हाई ते बराबर झालं. पण कानाची तकलीफ हाय तर दाखवून घ्या." सांडलेले दूध मी भरून दिले, तो नको म्हणत होता.

पुढील सर्व अंतर मी तिसऱ्या गिअरमध्ये कापले. सौ. डावीकडे कोणी आले की माझ्या गुडघ्यावर थाप मारीत. मला सेनगाव आठवत होते. तेथील मोटारसायकलवालाही डावीकडूनच आला होता.

डोंगरकडा मोठे गाव आहे. बाजारात सर्व मिळते, आणि केळी तर कोठेही थांबून, थेट मळ्यावर घ्यावीत. कौसाबाईने पातळ पाहिले, चोळीचा काठ पाहिला आणि म्हणाली, "दादा, रंग वहिनीनं निवडला व्हय? मंग चांगलाच हाय." भरली वांगी, भाकरी, शेंगदाण्याची चटणी असे जेवण झाले. जेवताना तिने मला दोनदा काही विचारले असावे, कारण तिसऱ्या वेळी ती माझ्या उजव्या बाजूस येऊन बसली. माझ्या डाव्या कानाचे तिला आधीपासून ठाऊक होते, असे तिच्या बसण्यावरून दिसले.

जेवणानंतर अंगणात येऊन मी बालाजीस फोन केला. "ये," म्हणालो. "परतताना गाडी तू चालव."

त्याने विचारले, "काय झालं बाबा? कुणाला लागलं का?"

"कोणास लागले नाही. ये, मग सांगतो."

तिसरा दिवस. तो सकाळच्या एसटीने आला. कार्ड मी स्वतः त्याच्या हातावर ठेवले आणि तो ते आपल्या फोनमध्ये ऐकत असताना समोर बसून राहिलो. ऐकून झाल्यावर त्याने विचारले, "आई तीन वेळा बोलली?"

"तीन वेळा. आणि सेनगावच्या त्या माणसाचीही चूक नव्हती. तू क्षमा मागितलीस ते योग्य केलेस. मात्र ती मी मागावयास हवी होती."

त्याने कार्ड कॅमेऱ्यात परत बसविले. मग रुमाल भिजवून कॅमेरा पुसावयास उठला. परतीच्या वाटेवर मी डावीकडच्या आसनावर बसलो. तेथून मळे चांगले दिसतात. चालविणाऱ्यास ते कधी दिसत नाहीत.

घरी येऊन आठ दिवस झाले. हा मजकूर मी वहीत लिहिला, नातीने टंकित केला. कॅमेरा घ्यावा का, असे कोणी विचारील तर अवश्य घ्यावा असे सांगेन. लहान घ्यावा, कपॅसिटरचा घ्यावा, काच रोज पुसावी, आणि आवाज चालू ठेवावा. चित्रापेक्षा त्याचाच उपयोग अधिक झाला. पुढील बुधवारी हिंगोलीस कान तपासावयाचे आहेत.

बालाजीने गाडीची चावी घेतली नाही. ती त्याने आईकडे दिली, आणि आता ती सौ.च्या कमरेस खोचलेली असते. तपासणीनंतर ती मला मिळेल की नाही, हे मी त्यांना विचारले. जे असेल ते सांगेन, म्हणाल्या, पण या खेपेस एकदाच सांगेन.